उष्णतारोधक वेष्टन, पर्यावरणपूरक

मासळी, मांस, दूध, पनीर असे नाशवंत पदार्थ वाहतुकीत थंड राहावेत यासाठी थर्मोकोलऐवजी वापरले जाणारे वेष्टन. ते लोकर, काथ्या, कागदाचा लगदा, मक्याचा स्टार्च किंवा बुरशीचे तंतुजाल यांपासून बनवतात. वर्षानुवर्षे वापरता येणाऱ्या जाड भिंतींच्या पेट्याही याच गटात धरायला हव्यात, मग त्या प्लास्टिकच्या का असेनात.

वेष्टन थंडावा तयार करत नाही; उष्णता आत शिरण्याचा वेग तेवढा कमी करते आणि ते काम मुख्यतः कोंडलेली हवा करते. थर्मोकोलच्या आकारमानात सुमारे ९८ टक्के हवाच असते. लोकरीच्या कुरळ्या तंतूंतही हवा अशीच अडकते, त्यामुळे कोरड्या लोकरीची उष्णतारोधकता थर्मोकोलच्या फारशी मागे नाही.

हिशोब करून पाहता येतो. ५० सेंमी लांब, ४० सेंमी रुंद, ३३ सेंमी उंच आणि ३ सेंमी जाड भिंतींची थर्मोकोलची पेटी घेतली, बाहेर ३० अंश सेल्सिअस आणि आत बर्फ असेल, तर सुमारे ३५ वॉट उष्णता आत येते. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोजूल लागतात; म्हणजे तासाला ३८० ग्रॅमच्या आसपास बर्फ जातो आणि रात्रभराच्या दहा तासांच्या प्रवासाला चार किलो लागतो. हे झाकण घट्ट बसले तर. फटीतून हवा खेळू लागली की भिंत कशाची आहे याला फारसा अर्थ उरत नाही.

नैसर्गिक पदार्थांची खरी परीक्षा ओलाव्यात होते. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास एकतृतीयांश बाष्प शोषूनही ओलसर लागत नाही, हा तिचा मोठा गुण. पुठ्ठा मात्र भिजला की बसतो आणि स्टार्चचा फोम पाण्यात विरघळतो. त्यामुळे सुट्या बर्फाऐवजी बंद जेलपॅक (गोठवलेल्या जेलच्या पिशव्या) वापरावे लागतात किंवा आतून पातळ प्लास्टिकचे अस्तर द्यावे लागते. असे अस्तर सहज सोलून निघत नसेल, तर त्या वेष्टनाला पर्यावरणपूरक म्हणणे धाडसाचेच.

कल्पना नवी नाही. १८३३ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर या बर्फाच्या व्यापाऱ्याने ‘टस्कनी’ जहाजातून सुमारे १८० टन बर्फ कलकत्त्याला पाठवला. फळ्या, चामडे कमावताना उरलेली झाडांची साल आणि गवत यांच्या आवरणात चार महिने काढून त्यातला सुमारे १०० टन शाबूत पोहोचला. आपल्याकडे बर्फाच्या लाद्या लाकडाच्या भुशात घालून वर गोणपाट टाकतात, तेही याच तत्त्वावर. घोंगड्यांची मागणी घटल्यावर दख्खनी मेंढीच्या जाड्याभरड्या लोकरीला भाव उरला नाही. वेष्टनाला मऊपणा लागत नसल्याने ती इथे चालण्यासारखी आहे. कोकणात नारळाच्या सोडणांची उणीव नाही. फिलिपाईन्समध्ये त्यांच्या तंतूंपासून मासळीच्या शीतपेट्या बनवल्या गेल्या आहेत.

प्रत्येक ताज्या मालाला असे वेष्टन मानवत नाही. हापूस पेटीतही श्वसन करतो आणि उष्णता सोडतो. ती कोंडली तर फळ लवकर उतरते. उलट १२–१३ अंशांखाली फार काळ ठेवले तर त्याला थंडी बाधते. म्हणून आंब्याच्या पेटीला फटी किंवा भोके लागतात. पेंढा मुख्यतः धक्क्यांपासून जपायला असतो.

महाराष्ट्राने २०१८ मध्ये थर्मोकोलच्या एकदाच वापरायच्या ताटवाट्या आणि सजावटीवर बंदी आणली, तरी मासळी बाजारात थर्मोकोलच्या पेट्या दिसतातच. टाकाऊ थर्मोकोलचा ढीग खूप जागा खातो आणि काट्यावर काहीच भरत नाही. वजनावर पैसे देणारा भंगारवाला त्याला हात लावायला नाखूश असतो. पण ‘विघटनशील’ छापल्यानेही प्रश्न मिटत नाही: मक्याच्या साखरेपासून होणाऱ्या पीएलए या प्लास्टिकला कुजायला ५८ अंशांच्या आसपासचे औद्योगिक खतयंत्र लागते, घरामागच्या खड्ड्यात ते वर्षानुवर्षे तसेच पडून राहू शकते.

बंदर ते बाजार अशा ठरलेल्या फेऱ्यांत, गाडी रिकामी परत येणारच असेल, तर दुहेरी भिंतींचे पॉलिएथिलीनचे टब सर्वांत सरस ठरतात. धुण्याचे पाणी आणि पेट्यांचा हिशोब मात्र कुणीतरी सांभाळावा लागतो. घरपोच मासळी शेकडो पत्त्यांवर जाते, तिथून पेटी परत मिळवणे अवघड. लोकरीचे आणि कागदाचे अस्तर तिथे उपयोगी पडते.