चुओ शिंकानसेन

चुओ शिंकानसेन : टोकियो, नागोया व ओसाका यांना जोडणारा, चुंबकीय बलाने तरंगत धावणाऱ्या गाड्यांचा जपानमधील नियोजित अतिजलद लोहमार्ग. ‘चुओ’ म्हणजे मध्य. याच शहरांना जोडणारी, १९६४ साली सुरू झालेली तोकाइदो शिंकानसेन किनाऱ्यालगत जाते. हा नवा मार्ग डोंगर पोखरून सरळ जाणार आहे. टोकियोतील शिनागावा ते नागोया हे २८६ किमी अंतर ४० मिनिटांत कापायचे, असा जेआर सेंट्रल या कंपनीचा बेत आहे. (मुंबई–अहमदाबाद ‘बुलेट ट्रेन’ या जातीची नव्हे, ती रुळांवरून चाकांनीच धावणार आहे.)

गाडीतील चुंबकांची वेटोळी नायोबियम-टायटॅनियम या मिश्रधातूची असतात. द्रवरूप हेलियमने ती उणे २६९ अंश सेल्सियसपर्यंत थंड केली की विजेला होणारा विरोध नाहीसा होतो आणि चुंबक अतिशय प्रबळ होतात. मार्गाच्या दोन्ही भिंतींत इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वेटोळी बसवलेली असतात. गाडी वेगाने शेजारून गेली की त्यांत वीज निर्माण होते, त्या विजेने तीही चुंबक बनतात आणि गाडी सुमारे १० सेंमी उचलली जाते. वेग नसेल तर तरंगणेही नाही, म्हणून ताशी १५० किमीच्या आसपास पोहोचेपर्यंत ही गाडी विमानासारखी रबरी चाकांवर धावते. पुढे ढकलणारी शक्तीही मार्गातच असल्याने गाडीत चालक लागत नाही. शांघायची चुंबकीय गाडी जर्मन पद्धतीची असून ती मार्गापासून जेमतेम १ सेंमी वर राहते; भूकंपाच्या देशात १० सेंमीचे मोल वेगळे.

या तंत्रावरचे संशोधन १९६२ पासूनचे. २१ एप्रिल २०१५ रोजी यामानाशी प्रांतातील चाचणी मार्गावर ताशी ६०३ किमी हा विक्रम नोंदला गेला. प्रवाशांसाठी कमाल वेग ताशी ५०५ किमी ठरला आहे.

घोडे अडले ते पाण्यापाशी. नागोयापर्यंतचा सुमारे ८६ टक्के मार्ग बोगद्यांतून जातो. त्यांपैकी जपानच्याच दक्षिण आल्प्स या डोंगररांगेखालच्या २५ किमी बोगद्याचा सुमारे १०.७ किमी भाग शिझुओका प्रांतात येतो. खोदकामामुळे ओई नदीचे पाणी सेकंदाला २ घनमीटरपर्यंत घटू शकते, हा अंदाज खुद्द कंपनीचाच. त्या पाण्यावर खालची शहरे आणि चहाचे मळे अवलंबून. प्रांताचे तेव्हाचे राज्यपाल हेइता कावाकात्सु यांनी परवानगी रोखून धरली. या प्रांताच्या वाट्याला चुओचे एकही स्थानक आलेले नाही, हेही ध्यानात घ्यायला हवे. गाडी दुसऱ्यांची आणि पाणी आपले, अशा सौद्याला कोण राजी होईल? मार्च २०२४ मध्ये कंपनीने नागोयापर्यंत गाडी सुरू करण्याचा २०२७चा मुहूर्त सोडला आणि २०३४च्या आधी गाडी धावणार नाही हे स्पष्ट झाले. खर्चाचा ५.५२ लाख कोटी येनचा अंदाजही २०२१ मध्येच ७.०४ लाख कोटींवर गेला होता.

यामानाशीचा ४२.८ किमीचा चाचणी मार्ग पुढे मुख्य मार्गातच सामील होईल. सध्या तेथे सोडतीत नाव निघालेले हौशी लोक पैसे भरून ताशी ५०० किमी वेगाने जातात, आणि निघाले तेथेच परत येऊन उतरतात.