निर्दोष सादरीकरण कृत्रिम का वाटते?

२२ जून २०२० रोजी अ‍ॅपलने सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या विकासकांसाठीची आपली वार्षिक परिषद प्रथमच प्रेक्षकांविना भरवली. कोरोनामुळे सभागृहे बंद होती, म्हणून मुख्य सादरीकरण आधी चित्रित करून दाखवण्यात आले. साथ ओसरली, पण ती पद्धत टिकून राहिली. अशा चित्रफितीत नव्या फोनची ओळख करून देणारा अधिकारी स्वच्छ प्रकाशाने उजळलेल्या रिकाम्या इमारतीत ठरलेल्या जागी उभा असतो, हात पोटाशी जुळवतो, महत्त्वाच्या शब्दावर ते उघडतो आणि एकदाही न अडखळता आपला भाग संपवतो. मग कॅमेरा तरंगत दुसऱ्या अधिकाऱ्याकडे जातो आणि तो जणू त्याच लयीत पुढचे बोलू लागतो. यात खोट काढायला जागा नसते, तरी पाहणाऱ्याला काहीतरी खटकत राहते. हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही, असे मला वाटते. समोरचा माणूस या क्षणी विचार करून बोलतो आहे की नाही, हे ओळखायला आपण ज्या खुणांचा नकळत आधार घेतो, नेमक्या त्याच खुणा येथे टेलिप्रॉम्प्टर (वक्त्याला वाचण्यासाठी मजकूर दाखवणारे उपकरण) आणि संकलन मिळून पुसून टाकतात.

त्यांतली सर्वांत बोलकी खूण म्हणजे अडखळणे. सहज बोलणारा माणूस सलग बोलत नाही. तो ‘अं’ करतो, ‘म्हणजे’ म्हणून थांबतो, अर्धे वाक्य सोडून नव्याने सुरुवात करतो. वक्तृत्व स्पर्धेत याचे गुण कापले जातात, पण ऐकणाऱ्याला त्याचा उपयोग होतो. जेनिफर अर्नोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागींना पडद्यावरची चित्रे हलवण्याच्या सूचना ऐकवल्या जात आणि त्यांची नजर कुठे वळते, हे यंत्राने टिपले जाई. चित्रांत एक मेणबत्ती होती आणि एक उंट. ‘कँडल’ आणि ‘कॅमल’ या इंग्रजी शब्दांची सुरुवात कानाला सारखीच लागते. पहिल्या सूचनेत मेणबत्तीचा उल्लेख होऊन गेला असेल आणि दुसरी सूचना अडखळत आली, तर शब्द पुरता कानी पडण्याआधीच नजर उंटाकडे, म्हणजे तोवर न उल्लेखलेल्या वस्तूकडे झुकू लागे. सूचना सफाईने आली, तर ती मेणबत्तीकडे झुके. बोलणारा अडखळला याचा अर्थ पुढे काहीतरी नवे येणार, असा अंदाज श्रोत्यांनी सेकंदाच्या एका अंशात बांधला होता. हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री यांनी २००२ मध्ये याच्याही पुढे जाऊन असे मांडले की, इंग्रजीतले ‘अह’ आणि ‘अम’ हे निरर्थक आवाज नसून, बोलण्यात थोडा किंवा जास्त खंड पडणार असल्याची सूचना देणारे शब्दच आहेत.

सादरीकरणाच्या चित्रफितीत हे विराम कात्रीखाली जातात. मग नव्या प्रोसेसरची गुंतागुंतीची माहिती आणि ‘आम्हाला हे सांगताना अतिशय आनंद होत आहे’ हे ठरावीक वाक्य सारख्याच वेगाने, सारख्याच चढउतारांनी कानावर येते. त्यातले काय महत्त्वाचे, काय अवघड, याचा बोलणाऱ्याकडून मिळणारा इशारा नाहीसा होतो.

नजरेचेही तसेच आहे. संभाषणातल्या नजरेचा बारकाईने अभ्यास करणाऱ्या अ‍ॅडम केंडन यांनी १९६७ मध्ये दाखवले की, लांबलचक बोलणे सुरू करताना वक्ता बहुधा दुसरीकडे पाहतो आणि बोलणे संपत आले की पुन्हा ऐकणाऱ्याकडे वळतो. टेलिप्रॉम्प्टरमध्ये भिंगासमोरच्या तिरक्या काचेवर मजकूर उमटत असल्याने वक्त्याला नजर हलवण्याची गरजच उरत नाही. लंडनच्या विज्ञान संग्रहालयात सुमारे ५०० जणांना आपल्याकडे टक लावून पाहणाऱ्या अभिनेत्यांच्या चित्रफिती दाखवण्यात आल्या होत्या. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार लोकांना सोयीची वाटलेली नजरभेट सरासरी सुमारे ३.३ सेकंदांची होती. ते अभिनेते बोलत नव्हते, त्यामुळे हा आकडा येथे जसाच्या तसा लावणे बरोबर होणार नाही. तरीही कोणी कितीतरी वेळ अविचल नजरेने आपल्याकडे पाहत बोलत राहिले, तर अवघडल्यासारखे का होते, याचा अंदाज त्यावरून येतो.

मग तालीमच वाईट म्हणावी का? तसे मुळीच नाही. ९ जानेवारी २००७ रोजी स्टीव्ह जॉब्झ यांनी सॅन फ्रान्सिस्कोत पहिला आयफोन दाखवला, त्यामागे कसून केलेली तयारी होती. फोनचे नमुने इतके कच्चे होते की, कोणती कृती कोणत्या क्रमाने केल्यास ते बंद पडणार नाहीत, याची वाट अभियंत्यांनी आधीच शोधून ठेवली होती. फरक असा की, ती वाट चुकण्याची शक्यता हजारो लोकांसमोर प्रत्येक क्षणी कायम होती. पुढे जून २०१० मध्ये आयफोन ४ दाखवताना सभागृहातल्या शेकडो वायफाय उपकरणांमुळे जोडणी कोलमडली आणि जॉब्झ यांना प्रेक्षकांनाच वायफाय बंद करण्याची विनंती करावी लागली. एप्रिल १९९८ मध्ये बिल गेट्स मंचावर असताना स्कॅनर जोडताच विंडोज ९८ कोलमडून पडदा निळा पडला. ९ डिसेंबर १९६८ रोजी संगणक संशोधक डग्लस एंगलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोत माउस, दुव्यांनी जोडलेला मजकूर आणि दूरस्थ सहकाऱ्याबरोबरचे एकत्रित काम हे सारे नव्वद मिनिटे प्रत्यक्ष चालवून दाखवले, तेही मेन्लो पार्कमधल्या संगणकाशी सूक्ष्मलहरींनी जोडून. फसण्याची शक्यता उघड होती, म्हणूनच त्या प्रात्यक्षिकाला पुराव्याचे मोल आले.

ही शक्यता काढून टाकली की काय होते, ते डिसेंबर २०२३ मध्ये दिसले. गूगलच्या जेमिनी या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रारूपाच्या चित्रफितीत ते माणसाच्या हालचाली पाहून बोलण्याला जणू तत्काळ उत्तर देत होते. प्रत्यक्षात त्याला स्थिरचित्रे आणि लिखित प्रश्न दिले होते, हे नंतर स्पष्ट झाले. उत्तरांना लागणारा वेळ कमी केल्याचे आणि उत्तरे छोटी केल्याचे कंपनीने चित्रफितीच्या वर्णनात नमूद केले होते. तंत्रज्ञान कमअस्सल नव्हते, पण वाट पाहण्याचे जे सेकंद कापले गेले, तीच तर प्रेक्षकाला हवी असलेली माहिती होती.

यावर उपाय म्हणून मुद्दाम एखादी चूक पेरणे निरुपयोगी ठरेल. एलियट अ‍ॅरनसन आणि सहकाऱ्यांच्या १९६६ च्या प्रयोगात प्रश्नमंजूषेत ९२ टक्के उत्तरे बरोबर देणाऱ्या तरुणाने अंगावर कॉफी सांडल्याचे ऐकल्यावर तो लोकांना अधिक आवडला. ३० टक्केच उत्तरे बरोबर देणारा मात्र त्याच चुकीमुळे लोकांच्या मनातून आणखी उतरला. म्हणजे क्षमता आधी दिसलेली असेल, तरच चूक माणसाला जवळचे करते; चूक स्वतः क्षमतेचा पुरावा होत नाही. मला वाटते, चित्रीकरण हवे तितके देखणे असू द्यावे, पण उपकरण चालवून दाखवण्याचा भाग तरी एकाच सलग दृश्यात, न कापता, खऱ्या वेळेत दाखवावा आणि पडद्याच्या कोपऱ्यात चालू घड्याळ ठेवावे.