नायिकेच्या तोंडावरचे काळे पट्टे

"भाऊ, हे पट्टे कुठून आले जी?"

रात्रीचे दीड वाजले होते. वडशाजवळचं एक गाव, दुसरा अंक नुकताच संपलेला, पडदा पडलेला. नाटक ठेवणाऱ्या मंडळातल्या एका पोरानं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. फोटोत नायिका हुंदके देत होती आणि तिच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत आडवे काळे पट्टे होते, गजाआडून बघावं तसे. मोबाइल पोळ्याच्या दिवशी पाण्यात पडला होता, तेव्हापासूनच बिघडला असणार, असं त्याचं ठाम मत.

मी म्हटलं, "आता मोबाइल उभा धर अन् काढ." पुढच्या अंकात त्यानं काढला. पट्टेही उभे झाले! नायिका तीच, दिवे तेच. मोबाइलबरोबर पट्टे फिरले, म्हणजे ते मंचावर नव्हतेच. मग कुठे होते?

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या आणि जंगलाच्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. धान निघालं की दिवाळीपासून होळीपर्यंत इथे नाटकांचा हंगाम असतो. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक. गावात घरोघरी पाहुणे. नाटक जेवणं आटोपल्यावर सुरू होतं आणि कित्येकदा उजाडेपर्यंत चालतं. वडसा, म्हणजे कागदोपत्री देसाईगंज, हे नाटक कंपन्यांचं माहेरघर. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. माझं काम या कंपन्यांच्या चालू नाटकांचे आणि पोस्टरचे फोटो काढण्याचं. हंगामातल्या निम्म्या रात्री शामियान्यात जातात.

तर पट्टे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे प्रवाह सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होतो. प्रत्येक फेरीत तो दोनदा जोरात येतो, एकदा या दिशेनं, एकदा त्या. म्हणून स्वस्तातला एलईडी दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो आणि १०० वेळा मंदावतो. डोळ्याला हे कळत नाही. साधारण ५०-६० च्या पुढे गेलेली उघडझाप आपला मेंदू सलग उजेड म्हणून स्वीकारतो. मोबाइल मात्र फोटो एका झटक्यात घेत नाही. त्याचा सेन्सर, म्हणजे आतला उजेड टिपणारा भाग, ओळीओळीनं वाचला जातो, शेतात धानाची रोवणी एका धुऱ्याकडून (बांधाकडून) दुसऱ्याकडे सरकते तसा. पहिली ओळ वाचल्यापासून शेवटची वाचेपर्यंत सेकंदाचा पन्नासावा भाग गेला, तर तेवढ्यात दिवा दोनदा मंदावलेला असतो. मंद क्षणी ज्या ओळींची पाळी आली त्या काळ्या राहतात. फोटोत दोन पट्टे.

त्या पोराच्या फोटोत मात्र पट्टे दहा-बारा होते, कारण मंचावर रंग बदलणारे एलईडी पार होते. (गोल डब्यासारख्या त्या रंगीत दिव्यांना इकडे सगळे 'पार'च म्हणतात.) या दिव्यांचा उजेड कमी करायचा तर वीज कमी करत नाहीत. सेकंदाला शेकडो, कधी हजारो वेळा दिवा पूर्ण बंद करतात आणि पूर्ण चालू करतात. बंद काळ जास्त ठेवला की आपल्याला उजेड मंद वाटतो. गंमत बघा, करुण प्रसंगात दिवे मंद करतात, आणि मंद दिवा जास्त वेळ बंद राहतो. म्हणून नायिका जितकी रडणार तितके पट्टे ठळक.

हे कॅमेऱ्याशिवायही पकडता येतं. अशा दिव्याखाली बोटं फाकवून हात झपाट्यानं हलवा. पाचाची पंचवीस बोटं दिसतील, सुटी सुटी. जुन्या हॅलोजनखाली हाच हात नुसता धुरकट पसरलेला दिसतो, कारण हॅलोजनची तार तापून लाल-पिवळी झालेली असते आणि सेकंदाच्या शंभराव्या भागात ती थंड व्हायला वेळच नसतो. चुलीतला विस्तव फुंकणी थांबली म्हणून लगेच विझतो का?

उपाय सोपा आहे. शटर, म्हणजे सेन्सरवर उजेड पडू देणारं कॅमेऱ्याचं दार, निदान दिव्याच्या एका पूर्ण उघडझापेपुरतं उघडं ठेवायचं. १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवलं की प्रत्येक ओळीच्या वाट्याला सारखाच उजेड येतो आणि पट्टे पुसले जातात. मोबाइलमध्येही 'प्रो' नावाची सोय असेल तर हे जमतं. मोठ्या कॅमेऱ्याचं यांत्रिक शटर सेन्सरवरून फार लवकर सरकतं, त्यामुळे त्यात पट्टे कमी येतात. 'सायलेंट' शटर लावलं की पुन्हा तीच ओळीओळीची रोवणी. नाटकात खटखट नको म्हणून मी एकदा अख्खा पहिला अंक सायलेंटवर काढला होता. त्यातले किती फोटो कंपनीला दिले ते विचारू नका.

आणि गाव म्हटलं की जनरेटर आलाच. चार ध्रुवांचा जनरेटर मिनिटाला १५०० फेरे फिरला तर ५० हर्ट्झची वीज देतो. फेरे गुणिले ध्रुव भागिले १२०, असा तो हिशोब. मंचावर सगळे दिवे एकदम लागले, वर भोंगे सुरू झाले, की इंजिन दमतं आणि फेरे घटतात. १४४० झाले तर वीज ४८ हर्ट्झ, दिव्यांची उघडझाप ९६. तुमचं शटर शंभराच्या हिशोबावर आणि दिवे शहाण्णववर. व्हिडिओत फिकट पट्टे वर-खाली सरकू लागतात. जनरेटरवाल्याला सांगून उपयोग नसतो. त्याचं लक्ष डिझेलकडे असतं आणि ते बरोबरच आहे.

शटर १/१०० वर आणलं की दुसरी पंचाईत उभी राहते. मंचावर कोणी स्थिर नसतं. नाचणाऱ्या बाईचा हात सेकंदाला तीन मीटर वेगानं जातो असं धरा. १/१०० सेकंदात तो तीन सेंटिमीटर सरकला, म्हणजे बोटं गेली. १/५०० ठेवलं तर सहाच मिलिमीटर. पण तेव्हा उजेड पाचपट कमी आणि पट्टे परत. यातून सुटायचा रस्ता शाळेतल्या भौतिकशास्त्रात सापडतो. वर उडालेला माणूस सर्वांत उंच जागी क्षणभर थांबतो. तिथे त्याचा वर-खाली जायचा वेग शून्य असतो. हवेत असण्याचा निम्मा वेळ तो उडीच्या वरच्या पाव भागातच काढतो. गणित करून बघा, उडी कितीही उंच असो, उत्तर हेच येतं. म्हणून खलनायक उसळी मारतो तेव्हा जमीन सोडतानाचा फोटो फिसकटतो आणि माथ्यावरचा १/१०० लाही बऱ्यापैकी स्वच्छ येतो. नाचणाऱ्या बाईच्या हाताचंही तसंच आहे. हात एका टोकाला जाऊन परत फिरतो, तिथे क्षणभर विसावा असतो. फक्त आपलं बोट डोळ्यानंतर सेकंदाचा पाचवा भाग उशिरा चालतं, म्हणून दिसल्यावर दाबलं तर गेलं. ढोलकीच्या समेवर कान ठेवून थोडं आधी दाबावं लागतं. नाटकाचा फोटो निम्मा कानानं काढायचा असतो असं माझं मत आहे, आणि तालाचं अंग नसलेल्या फोटोग्राफरला मी हे काम सांगणार नाही.

नव्या माणसाला सगळ्यात जास्त फसवतो तो निळा उजेड. रात्रीचा प्रसंग आला की मंच निळा करायचा हा रिवाज जुना आहे आणि त्याला आधारही आहे. अंधारात आपल्या डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी मागे पडतात आणि दुसऱ्या पेशी काम हातात घेतात. त्यांना निळसर उजेड जास्त आणि लाल फार कमी जाणवतो. चांदण्यात जास्वंद काळी दिसते ती म्हणून. प्रेक्षकाला निळा मंच रात्र वाटतो आणि त्या निळ्यातही नायकाच्या चेहऱ्यावरची रेघ न् रेघ दिसते. कॅमेऱ्यात मात्र तोच चेहरा निळ्या मेणाचा गोळा होतो. नाक नाही, डोळे नाहीत.

सेन्सरला स्वतःला रंग कळत नाहीत. त्याला कळतो फक्त कमी-जास्त उजेड. म्हणून त्याच्या प्रत्येक ठिपक्यावर रंगीत काचेसारखी गाळणी बसवलेली असते. दर चार ठिपक्यांत दोन हिरव्या, एक लाल, एक निळी. ही मांडणी कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांची, १९७६ च्या पेटंटची, आणि तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्येही बहुधा तीच किंवा तिचीच बहीण आहे. उन्हात, जिथे सगळे रंग मिसळलेले असतात, ती चोख चालते. निव्वळ निळ्या एलईडीखाली चारातला एकच ठिपका कामावर येतो, बाकीचे तीन जवळजवळ रिकामे बसतात. त्यात उजेड मोजताना कॅमेरा डोळ्याची नक्कल करतो आणि हिरव्याला सर्वांत जास्त मान देतो. टीव्ही-संगणकाच्या चित्रांत जे प्रमाण वापरतात त्यात हिरव्याचा वाटा ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७. म्हणजे समोर निळा उजेड भरभरून ओतला जात असताना कॅमेरा म्हणतो, अंधार आहे, शटर आणखी उघडा. तोवर निळे ठिपके काठोकाठ भरून वाहायला लागलेले असतात. भरलेल्या भांड्यात किती पाणी जास्तीचं पडलं ते नंतर कोणी सांगू शकत नाही, म्हणून कॉम्प्युटरवर कितीही खटपट केली तरी नाक परत येत नाही.

मी निळ्यात आणि लालमध्ये कॅमेऱ्याचं म्हणणं ऐकतच नाही. तो सांगेल त्यापेक्षा उजेड दोन पायऱ्या कमी घेतो, म्हणजे चौथाईवर आणतो. आणि खरं सांगायचं तर नाटक सुरू व्हायच्या आधी दिवेवाल्याजवळ जाऊन बसतो. "भाऊ, समोरून एक पिवळा टाक ना थोडा, अगदी थोडा." एक चहा, एक खर्रा, काम होतं.

फ्लॅश का मारत नाही, हा प्रश्न दर गावात येतो. उजेड अंतराच्या वर्गानं पातळ होत जातो. मी बसतो तिथून समोरच्या काकांची कानटोपी दोन मीटरवर आणि नायिका बारा मीटरवर. अंतर सहापट, म्हणजे नायिकेपर्यंत उजेड पोचला छत्तीसावा भाग. फोटोत कानटोपी लख्ख पांढरी आणि मंचावर काळोख. शिवाय नटाच्या डोळ्यात फ्लॅश गेला की पुढची काही वाक्यं तो हिरव्या-जांभळ्या डागाकडे बघत म्हणतो. तेव्हा फ्लॅश नाहीच.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. फोटोग्राफी ज्यांनी जगापुढे आणली त्यांतले एक, लुई दागेर, मूळचे पॅरिसच्या नाट्यगृहांचे पडदे रंगवणारे. १८३९ साली त्यांची पद्धत जाहीर झाली तेव्हा एका फोटोला उन्हातही काही मिनिटं लागत. म्हणजे नाटकवाल्यानंच कॅमेरा दिला, आणि त्या कॅमेऱ्याला नाटकच टिपता येईना. आपल्याकडे गॅसबत्तीच्या उजेडात दंडारी, म्हणजे इथली लोकनाट्यं, रंगत होत्या, त्या डोळ्यात राहिल्या तेवढ्याच.

पहाटे तीननंतर उजेडाचा विषय मागे पडतो आणि दवाचा सुरू होतो. डिसेंबरात आमच्याकडे पारा दहाच्या आसपास येतो. शामियान्याबाहेर उघड्या आकाशाखाली ठेवलेली काच आपली उष्णता आकाशाला देत राहते आणि भोवतीच्या हवेपेक्षाही थंड होते. मग तिच्यावर दव धरतं, जसं गाडीच्या टपावर धरतं. आत शेकडो माणसांच्या श्वासाची वाफ असते. बाहेरचा थंड कॅमेरा घेऊन आत आलात की काच अशी धुरकटते, जणू सगळं नाटक स्वप्नातच चाललंय. शालीनं पुसू नका, वाफ पुन्हा येते आणि चरे राहतात ते वेगळे. कॅमेरा पिशवीत बंद ठेवूनच आत आणायचा आणि अर्धा तास पिशवी उघडायची नाही. पिशवीतली थोडीशी हवा गार आणि कोरडी असते, ती कॅमेऱ्याबरोबर हळूहळू कोमट होते. मी घरून निघतानाच जुन्या चादरीत गुंडाळून घेतो.

पोस्टरच्या फोटोंचं काम हंगामाआधीचं, दिवसाउजेडीचं, त्यामुळे निवांत. त्यातली एकच खोड सांगतो. एका पोस्टरवर आठ-दहा चेहरे असतात आणि कलावंत एकाच दिवशी कधीच जमत नाहीत. एकाचा फोटो सकाळी अंगणात, दुसऱ्याचा दुपारी खोलीत ट्यूबलाइटखाली. मग डिझायनर ते शेजारी शेजारी बसवतो. बघणाऱ्याला नेमकं काय खटकतं ते सांगता येत नाही, पण खटकतं. एकाच्या नाकाची सावली डावीकडे, दुसऱ्याची उजवीकडे. आकाशात दोन सूर्य! यावर माझा इलाज म्हणजे खिडकीला लावलेलं पांढरं धोतर. उजेडाचं तोंड जेवढं मोठं आणि जेवढं जवळ, तेवढी सावली मऊ. सावलीच पुसट असली की ती कुठल्या बाजूची, हे भांडण मिटतं.

आणि वीस फुटी बॅनरला फोटो "एकदम मोठा" पाहिजे, असा जो हट्ट धरतात, त्याचाही हिशोब आहे. धडधाकट डोळा दहा मीटरवरून साधारण तीन मिलिमीटरपेक्षा जवळचे दोन ठिपके वेगळे ओळखू शकत नाही. वीस फूट म्हणजे सहा मीटरच्या आसपास. त्यात तीन-तीन मिलिमीटरचे ठिपके बसतात दोन हजार. म्हणजे रस्त्यावरून बघणाऱ्याला दोन हजार ठिपके रुंदीचा फोटोही पुरतो, आणि चांगला मोबाइल याच्या दुपटीनं देतो. हे मी कंपनीच्या मालकाला एकदा कागदावर मांडून दाखवलं. ते म्हणाले, "ते ठीक हाय जी, पण मोठाच द्या."

मागच्या हंगामातला त्यांचा बॅनर मला नंतर दिसला. आरमोरीकडे जाताना एका शेतात धानाच्या पुंजण्यावर तो झाकला होता, चार कोपऱ्यांवर दगड ठेवून. अवकाळीची भीती होती. नायकाच्या गालावर कोंबडी बसलेली. मी हातभर अंतरावर जाऊन बघितलं. हनुवटी कुठेच नव्हती. आकाशी, गुलाबी, पिवळे, काळे असे बारीक शाईचे ठिपके होते, प्रत्येक आपापल्या जागी सुटा. धुऱ्यावर येऊन पुन्हा वळून पाहिलं, तर नायक तोच, तसाच रागानं खलनायकाकडे बघत उभा.