कब-बुलबुल पथक : उपक्रमांची आखणी आणि प्रगतीची नोंद

कब-बुलबुल पथक हा भारत स्काऊट्स आणि गाईड्स चळवळीचा प्राथमिक शाळेच्या वयाचा विभाग आहे. साधारण पाच ते दहा वर्षांच्या मुलांना कब आणि त्याच वयाच्या मुलींना बुलबुल म्हणतात. यांच्याही खाली अगदी चिमुकल्यांसाठी बनी हा विभाग आहे आणि वर स्काऊट-गाईड व रोव्हर-रेंजर हे विभाग आहेत. कब-बुलबुलचं पथक बहुतेक वेळा शाळेतच चालतं आणि शाळेतल्याच बाई किंवा सर ते चालवतात. त्यामुळे वर्षभर काय घ्यायचं आणि कोणतं मूल कुठवर पोहोचलं हे कसं टिपायचं, या दोन प्रश्नांवर पथकाचं सगळं बरंवाईट ठरतं. ही नोंद त्या दोन कामांविषयी आहे. उदाहरणं कोल्हापूरची घेतली आहेत, कारण आखणी हवेत करता येत नाही. तिला पाऊस, सणवार, मैदान आणि एसटीचं वेळापत्रक लागतं.

पार्श्वभूमी

बेडन-पॉवेल यांनी 1907 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावर वीस मुलांचं शिबिर घेतलं, तिथून स्काऊटिंग सुरू झालं. ते होतं मोठ्या मुलांसाठी. पण धाकटे भाऊ घरी बसेनात. त्यांच्यासाठी 1916 मध्ये वुल्फ कब हा वेगळा विभाग उभा राहिला. व्हेरा बार्कले यांचा त्या घडणीत मोठा वाटा होता. लहान मुलांना नियमावलीने बांधता येत नाही, त्यांना गोष्ट लागते, हे ओळखून विभागाची सगळी चौकट किपलिंगच्या मोगलीच्या गोष्टींवर बेतली गेली. म्हणून पथकाचा प्रमुख अकेला, त्याचे साथीदार बल्लू आणि बगिरा. या गोष्टींचं जंगल मध्य प्रदेशातल्या सिवनीचं आहे, म्हणजे आपल्याच मुलखातलं. कोल्हापूरच्या मुलांना तर ते आणखी जवळचं वाटावं. राधानगरी-दाजीपूरच्या अभयारण्यात गवे आहेत, बिबटे आहेत, अस्वलं आहेत. बल्लू सांगताना दाजीपूरचं अस्वल डोळ्यांसमोर आणलं की गोष्ट परकी राहत नाही.

भारतातल्या निरनिराळ्या स्काऊट संस्था एकत्र येऊन 7 नोव्हेंबर 1950 रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संघटना झाली आणि 15 ऑगस्ट 1951 रोजी गर्ल गाईड्स तीत सामील झाल्या.

कोल्हापुरात या कामाला अनुकूल जमीन आधीपासूनच आहे. शाहू महाराजांनी 1917 मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पेठापेठांतल्या तालमी, 1912 मध्ये उभं राहिलेलं खासबागेचं कुस्ती मैदान, मर्दानी खेळ आणि फुटबॉलचं वेड, या साऱ्यांमुळे मुलानं मैदानात उतरायचं असतं हे इथे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. पटवून द्यावं लागतं ते वेगळंच : कबमध्ये शेजारच्या मुलाला हरवायचं नसतं. त्याकडे पुढे येऊ.

पथक आणि पायऱ्या

एका पथकात 12 ते 24 मुलं असतात. सहा-सहा मुलांचं एकेक षटक करतात. षटकांना रंगांची नावं असतात आणि प्रत्येकाला एक सिक्सर, म्हणजे षटकातलाच एक म्होरक्या, असतो. कबांचा प्रमुख कबमास्टर (मुलांचा अकेला तो हाच), बुलबुलांची फ्लॉक लीडर.

प्रगतीच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. आधी प्रवेश. त्यात वचन, दोन कलमी नियम, खूण, सलामी, डाव्या हाताचं हस्तांदोलन, गणवेश आणि मोगलीची गोष्ट (बुलबुलांसाठी ताराची) येते. मग कबांसाठी प्रथम, द्वितीय, तृतीय आणि चतुर्थ चरण, तर बुलबुलांसाठी कोमल पंख, रजत पंख, स्वर्ण पंख आणि हीरक पंख. सर्वांत वर गोल्डन ॲरो हा बिल्ला. याच्या जोडीने चित्रकला, बागकाम, सायकल, संग्रह, प्रथमोपचार अशा प्रावीण्य पदकांची कामं चालू असतात.

उलट्या बाजूने मोजणी

आखणीची सुरुवात जूनपासून नव्हे, मूल दहा वर्षांचं कधी होणार तिथून करावी लागते. मूल पहिलीत सहाव्या वर्षी येतं. चौथी संपता संपता त्याचं कबचं वय सरतं. प्रवेश धरून पाच पायऱ्या, गोल्डन ॲरो धरला तर सहा, आणि हातात शाळेची चार वर्षं. त्यातून मे महिना, दिवाळी आणि परीक्षा वजा जातात. तिसरीत आलेल्या मुलाला तर दोनच वर्षं मिळतात. म्हणून वर्षाच्या आरंभी प्रत्येक नावापुढे जन्मतारीख आणि उरलेले महिने लिहून काढणं हे पहिलं काम. हा तक्ता नसेल, तर चौथीच्या फेब्रुवारीत धावपळ होते आणि मुलाला न जमलेल्या गोष्टींवर सह्या होतात. यात नुकसान मुलाचं होतं. न शिकता मिळालेला बिल्ला त्याला खोटं खपतं एवढंच शिकवतो.

कोल्हापूरचं वर्ष

शाळा जूनच्या मध्याला भरते आणि त्याच सुमारास पाऊस लागतो. तो गणपतीपर्यंत हटत नाही. मैदानात चिखल, त्यामुळे हे तीन महिने ओसरीवरचे : गोष्टी, गाणी, दोरीच्या गाठी, बटण लावणं, बूट पुसणं, डब्यात बी पेरून रोज पाहणं. प्रवेशाची तयारी याच दिवसांत उत्तम होते. 26 जूनला शाहू जयंती येते. नव्या मुलांना गणवेशाआधी गावाची ओळख करून द्यायला याहून चांगला दिवस नाही. आषाढात पंचगंगेचं नवं पाणी त्र्यंबोली देवीला वाहिलं जातं. हे पाणी कुठून येतं, कुठे जातं, हा प्रश्न त्या आठवड्यात मुलं स्वतःच विचारतात.

जुलै-ऑगस्टच्या आखणीत मोकळी जागा ठेवलीच पाहिजे. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये महापूर आला, तेव्हा शाळाच निवारा झाल्या. कागदावर ठासून भरलेलं वेळापत्रक अशा वेळी कोलमडतं. आणि या दोन महिन्यांत नदीकाठी सहल नको, मग घाटावर पाणी कितीही शांत दिसो.

दिवाळीच्या सुट्टीत घरोघरी मातीचे किल्ले होतात. पथकाला हा आयता उपक्रम आहे. षटकाने मिळून एक किल्ला करायचा, त्यावरच्या तीन जागांची नावं प्रत्येकाने सांगायची. मग डिसेंबरात पन्हाळ्यावर खराखुरा किल्ला पाहायचा. पन्हाळा शहरापासून वीसेक किलोमीटरवर, वर गाडी जाते, लहान पायांना झेपतो. तीन दरवाजा, अंबरखाना आणि अंधारबाव एवढंच दाखवावं. सगळा गड एका दिवसात दाखवायच्या नादात मुलं दमतात आणि संध्याकाळी त्यांना डबा तेवढा आठवतो. अंबरखान्यात उभं करून ‘इथे धान्य किती मावत असेल’ असं विचारलं, तर पाऊण तास वाद चालतो आणि तोच पाऊण तास कामाचा.

रंकाळा आणि कळंबा तलाव पक्षी पाहण्यासाठी, टाऊन हॉलचं संग्रहालय पावसाळी शनिवारसाठी. 7 नोव्हेंबरचा स्थापना दिन आणि 22 फेब्रुवारीचा चिंतन दिन हे चळवळीचे स्वतःचे दिवस. खरी कमाईचा उपक्रम थंडीत बरा. मुलांनी कागदी पिशव्या करून किंवा भाजलेल्या शेंगा विकून मिळवलेले पैसे मुलांसमोरच मोजावेत आणि हिशेब सिक्सरच्या हाताने लिहून घ्यावा. जानेवारीत स्नेहसंमेलन सगळं वेळापत्रक खातं, हे गृहीत धरून त्या महिन्यात एकही चाचणी ठेवू नये.

एक बैठक

आठवड्याची बैठक तास-सव्वा तासाची. सुरुवातीला वर्तुळ, सामुदायिक गर्जना, प्रार्थना, ध्वज, नखं-रुमालाची पाहणी. शेवटी गोष्ट आणि निरोप. मधला चाळीस-पन्नास मिनिटांचा भाग हीच खरी कसोटी. सात वर्षांचं मूल एका गोष्टीवर दहा मिनिटं टिकलं तर पुष्कळ, म्हणून धावण्याचा खेळ आणि बसून करायचं काम आलटून पालटून यायला हवं. लगोरीनंतर लगेच प्रथमोपचार घेतला, तर पहिली तीन मिनिटं श्वास जागेवर येण्यातच जातात. मध्ये एक गाणं टाकलं की काम होतं.

अवघड भाग असा की एकाच वर्तुळात पहिलीतला प्रवेशाचा मुलगा आणि चौथीतला चतुर्थ चरणाचा मुलगा बसलेले असतात. प्रत्येक पायरीचा वेगळा वर्ग काढला तर माणसं पुरत नाहीत. यावर उपाय म्हणजे साहित्य एक, काम निरनिराळं. दोरीची बैठक घ्या. नवा मुलगा दोन समान दोऱ्या रीफ नॉटने जोडतो. त्याच्या हातात एक लाल आणि एक पांढरी दोरी द्यावी. उजवं टोक डाव्यावर, मग डावं उजव्यावर. दोन्ही वेळा एकाच बाजूने घेतलं की गाठ तिरकी बसते आणि ओढली की सरकते. रंग वेगळे असल्यामुळे चूक कुठे झाली हे त्याचं त्यालाच दिसतं, बाईंनी बोट दाखवायची गरज उरत नाही. त्याच्या शेजारचा जाड आणि बारीक दोरी शीट बेंडने जोडत असतो. तिसरा ओसरीच्या खांबाला क्लोव्ह हिच मारतो. करवीर किंवा कागलकडच्या शेतकऱ्याच्या पोराला दावं खुंट्याला बांधायची सवय असते, ती इथे उपयोगी पडते. तो शहरातल्या मुलांना शिकवू लागतो आणि त्या दिवशी वर्गात गप्प बसणाऱ्या त्या पोराची मान वर होते. अशा वेळी कबमास्टरने मागे सरावं.

बैठकीचा कागद आदल्या दिवशी तयार हवा : वेळ, खेळ, साहित्य, कोण घेणार, आणि पाऊस आला तर काय. पुढच्या महिन्याचे खेळ सिक्सरांना विचारून ठरवावेत. आठ-नऊ वर्षांची मुलं यात फार शहाणपणाने बोलतात, फक्त त्यांनी सुचवलेलं खरंच व्हायला हवं.

नोंद कशी ठेवावी

पथकाकडे प्रवेश नोंद, हजेरी, प्रगती, हिशेब आणि साहित्य अशा वह्या असतात आणि मुलाकडे स्वतःचं प्रगतीचं पुस्तक. यातली प्रगतीची वही सर्वांत कष्टाची आणि सर्वांत जास्त हेळसांड होणारी. ती मार्चमध्ये एका बैठकीत, एकाच शाईने भरलेली दिसली की समजावं, वर्षभर कुणी पाहिलेलं नाही.

एक सोपी पद्धत अशी. आडव्या ओळीत नावं, उभ्या रकान्यांत त्या पायरीची कामं. काम शिकवलं की चौकोनात एक तिरपी रेघ. मुलाने मदतीशिवाय करून दाखवलं की दुसरी रेघ मारून फुली. महिनाभराने, न सांगता, खेळाच्या ओघात पुन्हा जमलं की फुलीभोवती गोल. गोल झाल्याशिवाय सही नाही. पाहणारा एकदा वहीवर नजर फिरवतो आणि त्याला कळतं : या रकान्यात सगळ्यांच्या तिरप्या रेघा आहेत, म्हणजे शिकवलं पण कुणाला येत नाही, तेव्हा चुकलं ते शिकवणं. या ओळीत तीन महिने काही नाही, म्हणजे या मुलाच्या घरी एकदा जाऊन यायला हवं. पुढच्या महिन्याची आखणी या वहीतून निघते. वही न उघडता केलेली आखणी म्हणजे कबमास्टरच्या आवडीच्या खेळांची यादी.

खूण करायची ती त्याच दिवशी, वर्तुळ मोडायच्या आत. घरी जाऊन आठवून लिहिलं तर बोलक्या मुलांच्या फुल्या वाढतात आणि अबोल मुलं कोरी राहतात.

कबचं ब्रीद आपल्याकडून होईल तितका प्रयत्न करण्याचं आहे. त्याचा अर्थ नोंदीतही उतरला पाहिजे. चेंडू फेकण्याचं अंतर ठरलेलं असलं, तरी अशक्त मुलाने आपली मजल गेल्या महिन्यापेक्षा चार पावलं वाढवली तर ती चार पावलं लिहिली जावीत. तालमीच्या गावात हे रुजवायला वेळ लागतो. ‘माझा पोरगा कितवा आला?’ हा पालकांचा पहिला प्रश्न असतो आणि प्रगतीच्या वहीत त्याचं उत्तर नसतं. म्हणून षटकांची नावं फळ्यावर गुणांसह लावणं ठीक, एकेका मुलाची नावं लावणं चूक. पालकसभेत प्रत्येकाला त्याच्याच मुलाचं पान दाखवावं.

रोजच्या सत्कृत्याची मोजदाद मात्र वहीत करू नये. ती सुरू केली की मुलं चांगुलपणाचे आकडे सांगू लागतात. वर्तुळात कुणी आपणहून सांगितलं, ‘आजीच्या सुईत दोरा ओवला’, तर ऐकावं आणि पुढे जावं.

वरच्या विभागात जाताना

दहा वर्षं झाली की मूल कब किंवा बुलबुल सोडून स्काऊट किंवा गाईड होतं आणि तिथे पुन्हा प्रवेशापासून सुरुवात होऊन प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान अशी चढण लागते. कोल्हापुरात बऱ्याच मुलांची याच वेळी शाळाही बदलते. प्राथमिक शाळेच्या कबमास्टरने मुलाच्या प्रगतीच्या पानाची नक्कल नव्या शाळेच्या स्काऊटमास्टरकडे पाठवावी आणि तळाशी दोन ओळी स्वतःच्या हाताने लिहाव्यात : याला कोणत्या गाठी पक्क्या येतात, आणि कोणासमोर बोलायला हा अजून बुजतो.