तळ्यातले मासे आणि यादीतून सुटलेले रुग्ण

स्कॉटलंडमध्ये मोटर न्यूरॉन डिसीजचं प्रमाण पंचवीसेक वर्षांत 36 टक्क्यांनी वाढल्याचं वाचून एका मित्राने विचारलं, "मोबाइल टॉवरमुळेच ना?" टॉवरला फासावर चढवण्याआधी मला वेगळीच शंका येते: रुग्ण वाढले, की मोजणारे सुधारले?

या आजारात स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या चेतापेशी मरत जातात. आधी हातातला पेला निसटतो किंवा जीभ जड होते. पुढे गिळणं, शेवटी श्वास. स्टीफन हॉकिंग निदानानंतर 55 वर्षं जगले, पण तो अपवाद. एरवी लक्षणं सुरू झाल्यापासून दोन-तीन वर्षांचा हिशेब असतो. म्हणून एखाद्या दिवशी हयात रुग्ण मोजून भागत नाही, निदान होईल तसतशी नवी नोंद करत राहावी लागते. स्कॉटलंड 1989 पासून अशी नोंदवही ठेवतंय.

पण जो वहीत आलाच नाही, तो मोजायचा कसा? इथे मासे मदतीला येतात. तळ्यातून 80 मासे पकडा, खूण करून सोडून द्या. पुढच्या खेपेला 60 सापडले आणि त्यांतले 48 खुणेचे निघाले, म्हणजे दर पाचांत चार. तर आपले 80 हेही एकूण माशांच्या चार पंचमांश, तळ्यात 100! आता एक यादी न्यूरॉलॉजिस्टची, 80 नावांची, आणि दुसरी रुग्णालयात दाखल झालेल्यांची, 60 नावांची, त्यांतली 48 सामाईक, असं समजा. दोन्ही मिळून माणसं दिसली 92, हुकली 8. न दिसलेल्या आठांचा आकडा निव्वळ त्रैराशिकातून! बंगालमधल्या सिंगूरच्या जन्ममृत्यूच्या नोंदी हाताशी घेऊन लोकसंख्येचे अभ्यासक सी. चंद्रशेखर आणि संख्याशास्त्रज्ञ डेमिंग यांनी 1949 मध्ये हेच गणित मांडलं होतं.

मेख अशी, की दोन्ही याद्या एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. एकीवरून दुसरी भरली, तर सामाईक नावं फुगतात आणि हुकलेले कमी भासतात.

2015 ते 2017 मध्ये स्कॉटलंडची नोंद या कसोटीवर 99 टक्के पूर्ण ठरली. वर्षाला लाखामागे 3.83 नवे रुग्ण. वरचे 36 टक्के वयोमानातला फरक समान करून काढलेत, त्यामुळे 'म्हातारे वाढले' एवढ्याने उत्तर मिळत नाही. निदान लवकर होऊ लागलं, नोंद चोख झाली, याचा वाटा मात्र त्यात असणारच.

शिवाय तिथे प्रत्येक रुग्णाला दहा अंकी आरोग्य क्रमांक आहे, पहिले सहा अंक जन्मतारखेचे. त्यामुळे दोन याद्यांतला माणूस एकच आहे हे चटकन कळतं. आपल्याकडे एका केसपेपरवर 'कुलकर्णी व्ही. डी.', दुसऱ्यावर 'विठ्ठल दत्तात्रय', तिसऱ्यावर नुसतं 'अण्णा कुलकर्णी'. हा मासा खुणेचा की नवा?