टर्बोची हवा जाते कुठे?

सोलापूरहून तुळजापूरला जाताना शेवटी घाट लागतो. तिसऱ्या गिअरमध्ये सहज चढणारी मित्राची डिझेल गाडी मे महिन्यात तिथे ओढेनाशी झाली. मागे काळा धूर आणि बॉनेटखाली फुसफुस. गाडीचं रिमॅपिंग झालेलं, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाच्या कंप्युटरची गणितं बदललेली; मोठा इंटरकूलरही बसवलेला. गॅरेजमध्ये पाच मिनिटांत निकाल लागला : "टर्बो गेला." इतक्या घाईने दिलेला हा निकाल मला पटला नाही. टर्बो महाग असतो आणि बऱ्याचदा त्याचा काही दोषच नसतो.

स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये पेटंट घेतलेली टर्बोची कल्पना फार सुंदर आहे. सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या गरम वायूंवर एक चक्र फिरवायचं. त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. मोटारीच्या टर्बोचे फेरे मिनिटाला लाखाच्या वर जातात. दाबलेली हवा तापते. सोलापुरातली ४० अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली, तर ती साधारण १३० ते १४० अंशांवर पोचते. तापलेली हवा विरळ असते, म्हणून ती थंड करायला मध्ये इंटरकूलर लागतो. म्हणजे टर्बोपासून इंजिनापर्यंत रबरी पाइप, क्लिपा आणि सांधे यांची लांबच लांब वाट. गळती बहुतेकदा या वाटेवरच सापडते.

आता तो काळा धूर. हवा मोजणारा सेन्सर टर्बोच्या अलीकडे, एअर फिल्टरजवळ असतो. डेअरीत मोजून घेतलेलं दूध गळक्या कॅनमधून वाटेत सांडावं, तसं इथे होतं. कंप्युटरच्या हिशेबात हवा पूर्ण आलेली असते. तो त्या बेताने डिझेल सोडतो, आणि हवा कमी पडल्याने ते नीट जळत नाही.

गाडीच्या कंप्युटरमधले आकडे दाखवणारा स्कॅनर लावला तेव्हा इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब १.७ बार दिसला. मित्र म्हणाला, "मग भरपूर आहे की!" इथे बरेच जण फसतात. हा आकडा निरपेक्ष दाबाचा, म्हणजे वातावरणाचा दाबही त्यात आला. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच. त्यामुळे इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवली, तरी सेन्सर ०.९५ बारच्या आसपास दाखवतो. टर्बोने घातलेली भर, म्हणजे बूस्ट, फक्त पाऊण बार. रिमॅपमध्ये मागणी होती २.३ बारची, तीही निरपेक्षच. मागणी आणि मिळकत शेजारी शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय स्कॅनरच्या आकड्याला अर्थ नाही. ही नोंद मोकळ्या रस्त्यावर, शेजारी बसलेल्याने घ्यावी, चालवणाऱ्याने नव्हे.

अशा गळतीसह गाडी दामटू नये, हे मी कळकळीने सांगतो. दाब कमी दिसला की कंप्युटर टर्बोला आणखी पळवतो. गळती भरून काढण्यासाठी चक्र मर्यादेबाहेर फिरलं, तर धडधाकट टर्बोही खरोखर जातो.

शोधायचं कसं, हे पंक्चरवाल्याकडून शिकावं. तो ट्यूबमध्ये हवा भरतो, मग बादलीत बुडवतो. पाइपची चीरही दाबाखालीच उघडते; इंजिन आयडलिंगला असताना ती मिटलेली असते. म्हणून इंजिन बंद ठेवून टर्बोच्या हवा घेणाऱ्या तोंडाला झाकण बसवायचं, कंप्रेसरने हळूहळू हवा सोडायची आणि सांध्यांवर साबणाचं पाणी मारायचं. दाब गाडीच्या नेहमीच्या बूस्टपेक्षा जास्त नको. झाकण उडू शकतं, त्यामुळे समोर उभं राहू नये.

पाइप घट्ट निघाले, तर टर्बोचा जोर कमीजास्त करणाऱ्या अ‍ॅक्चुएटरची बारीक व्हॅक्यूम नळी पाहावी. उन्हाने आणि इंजिनाच्या धगीने ती कडक होऊन तडकते. मग काजळीने अडकलेल्या टर्बोच्या पाकळ्या आणि एक्झॉस्टचं गॅस्केट. टर्बोचा दांडा हाताने हलवून बघणं सगळ्यात शेवटी. तो आडवा किंचित हलणं नैसर्गिक आहे, पण पुढेमागे सरकत असेल तर मात्र खरंच खर्च आला.

मित्राच्या गाडीत फेस आला तो इंटरकूलरच्या खालच्या पाइपला, क्लिपेच्या अगदी कडेला. तेलाने मऊ पडलेल्या रबराला खालच्या बाजूने बोटभर चीर होती, वरून न दिसणारी. पाइप आणि क्लिप दोन्ही बदलल्या. पुढच्या रविवारी त्याच घाटात पुन्हा नोंद घेतली : मागणी २.३, मिळकत २.२८.