स्पार्क प्लगवरचा नंबर कसा वाचायचा
(आमच्याकडून एनजीकेचे प्लग नेणाऱ्या ग्राहकांसाठी)

"एनजीकेचा प्लग द्या, कुठलाही चालेल," असं बरेच ग्राहक सांगतात. कुठलाही चालत नाही. दिसायला सारखे दोन प्लग आतून अगदी वेगळ्या कामाचे असू शकतात, आणि फरक कळतो तो फक्त पांढऱ्या भागावर छापलेल्या नंबरावरून.

आधी कंपनीविषयी थोडं. ती 1936 साली जपानमधल्या नागोया शहरात सुरू झाली. तिची मूळ कंपनी विजेच्या तारांसाठी चिनीमातीचे इन्सुलेटर बनवायची. प्लगमध्येही खरी कसोटी त्या पांढऱ्या भागाचीच असते. हजारो व्होल्टचा दाब आणि इंजिनातली आग, दोन्ही त्याला एकाच वेळी सोसावं लागतं. 2023 मध्ये कंपनीचं नाव निटेरा झालं, प्लगवर मात्र एनजीकेच राहिलं. तेव्हा खोक्यावर निटेरा दिसलं म्हणून माल डुप्लिकेट समजू नका.

आता नंबर. उदाहरणार्थ, सीपीआर8ईए-9. 'सी' म्हणजे आट्यांचा व्यास 10 मिलिमीटर. 'पी' म्हणजे आतलं टोक थोडं पुढे आलेलं. 'आर' म्हणजे आत रेझिस्टर आहे. फ्युएल इंजेक्शनच्या (कार्बोरेटर नसलेल्या) गाडीत हा 'आर' सोडू नका, नाहीतर ठिणगीच्या लहरींनी इंजिन सांभाळणाऱ्या कंट्रोल युनिटच्या कामात अडथळा येऊ शकतो. 'ई' म्हणजे आट्यांची लांबी 19 मिलिमीटर. लांबी चुकून जास्त घेतली तर प्लग पिस्टनला लागू शकतो. शेवटचा 9 म्हणजे गॅप, ठिणगी पडते ती टोकाजवळची फट, 0.9 मिलिमीटर.

मधला 8 सगळ्यात महत्त्वाचा. प्लग स्वतःची उष्णता किती लवकर हेडकडे (इंजिनाचा वरचा भाग, जिथे प्लग बसतो) सोडतो, ते हा आकडा सांगतो. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग 'थंड' होत जातो, म्हणजे उष्णता जास्त लवकर सोडतो. बॉशचं बरोबर उलटं असतं, म्हणून एका कंपनीचा आकडा दुसऱ्या कंपनीला लावू नका. प्लगचं टोक साधारण 450 ते 800 अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवं. त्याखाली राहिलं तर काजळी जळून जात नाही, साचते, आणि गाडी मिसिंग करते. फार वर गेलं तर ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेट घेतं. असं चालत राहिलं तर पिस्टनला भोक पडू शकतं. 'रेसिंगचा थंड प्लग टाकला की पिकअप वाढतो' हे ऐकून रोजच्या ऑफिसच्या स्कूटरला थंड प्लग लावू नका. गावातल्या हळू चालवण्यात तो काळाच पडणार.

जुना प्लग काढलात की टोक उजेडात बघा. फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त येतंय किंवा एअर फिल्टर चोक झालाय. तेलकट काळं असेल तर नवा प्लग लावून उपयोग नाही, आधी रिंग आणि व्हॉल्व्ह सील दाखवा.

बाहेरच्या पांढऱ्या भागावर पत्र्यालगत तपकिरी डाग दिसला की "प्लग लीक आहे" म्हणून लोक परत आणतात. तो लीक नसतो. जास्त दाबाच्या विजेमुळे हवेतले तेलाचे कण तिथे चिकटतात. प्लग चांगलाच असतो.

इरिडियमचा प्लग महाग आहे, पण टिकतो. हा धातू सुमारे 2,450 अंशांना वितळतो, म्हणून टोक 0.6 मिलिमीटरइतकं बारीक ठेवता येतं आणि ठिणगी सहज पडते. मात्र त्यावर पॉलिशपेपर किंवा तारेचा ब्रश कधीही मारू नका, आणि गॅप ठोकून कमी-जास्त करू नका. टोक तुटतं.

बसवताना इंजिन थंड असू द्या. प्लग आधी हातानेच पूर्ण फिरवा. मग नवा, वायसरचा प्लग असेल तर पान्याने साधारण अर्धा फेरा द्या. तोच प्लग परत लावत असाल तर फेऱ्याचा बारावा हिस्सा पुरे. आट्यांना ग्रीस लावू नका, त्याने प्लग गरजेपेक्षा जास्त आवळला जातो. हेड ॲल्युमिनियमचं असतं, आटे गेले की खर्च प्लगच्या कितीतरी पट होतो.

दुकानात येताना जुना प्लग सोबत आणा. नंबर पुसला असेल तर गाडीचं मॉडेल, वर्ष आणि बीएस-4 की बीएस-6 (धुराच्या नियमांचा टप्पा) ते सांगा, कारण नाव तेच असलं तरी प्लग बदललेला असू शकतो.